सोडवणाऱ्याचा परवाना

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. गावाला आणि नदीला एकच नाव. नदी सह्याद्रीच्या उतारावरून येते आणि पुढे उल्हासला मिळते. पावसाळ्यात भातखाचरे, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाचा वास, आणि बारा महिने रिक्षाची वाट पाहणारी माणसे. मागच्या उन्हाळ्यात त्या माणसांत मीही उभा होतो. समोरच्या विजेच्या खांबावर हिरवट कागद चिकटवलेला होता : व्यसनमुक्ती केंद्र, दारू, गांजा, एमडी, पेशंटला घरून आणण्याची सोय, अनुभवी काउन्सेलर. खाली दहा आकडी नंबर आणि सगळ्यात शेवटी, जाड ठशात, ‘शासनमान्य’. हा शब्द वाचताना आपल्याकडच्या दुसऱ्या एका पाटीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी महाराष्ट्रात जन्मलेल्या कुणाला माहीत नाही? दारू विकणाराही मान्य आणि सोडवणाराही मान्य. पहिल्याची मान्यता कुठून आली याचे कागद सापडतात. दुसऱ्याची कुठून आली, आणि त्याने गैरवर्तन केले तर ती काढून कोण घेतो, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

दारूने बिघडलेल्या माणसाचा उपचार ही नवी गोष्ट नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या कामाचा धागा मात्र विमानस्थानात सापडतो. तिथे गुरू अग्नीच्या साक्षीने शिष्याला जे बजावतो, त्यात दोन गोष्टी अशा आहेत की आजच्या कुठल्याही समुपदेशकाच्या आचारसंहितेत त्या जशाच्या तशा बसाव्यात. रोग्याच्या घरात जे कळेल ते बाहेर बोलायचे नाही. आणि परस्त्रीकडे वाईट नजरेने पाहायचे नाही, घरच्या पुरुषांच्या संमतीवाचून तिच्याकडून काही घ्यायचेही नाही. गुपित आणि देह ही दोन दारे उघडी पडल्यावर उपचार करणारा घसरतो, हे त्या काळीही ठाऊक होते. पण ही शपथ होती, शिक्षा नव्हे. शिक्षा कौटिल्याने लावली. जिवावर बेतेल असे दुखणे राजाधिकाऱ्याला न कळवता हाती घेतले आणि रोगी दगावला, तर वैद्याला पहिल्या प्रतीचा दंड. उपचारातल्या चुकीने दगावला तर मधल्या प्रतीचा. गंमत अशी की त्याच अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीही आहे, दारूच्या निर्मितीवर आणि विक्रीवर लक्ष ठेवणारा. म्हणजे विकणाऱ्यावर अधिकारी आणि वैद्याला दंड. दोघांच्या मधला, वैद्य नसलेला पण माणसाला व्यसनातून ओढून काढणारा, त्या ग्रंथात कुठे दिसत नाही.

तो आपल्याकडे दिसतो तो देवळाच्या पायरीवर. महाराष्ट्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ व्यसनमुक्ती म्हणजे तुळशीची माळ. माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटला. माळ तुटली तर माणूस नुसता पीत नाही, तो माळकरी राहत नाही. कर्जत-खालापूरच्या गावांत आजही एखाद्याबद्दल ‘त्याने माळ घातली’ एवढेच सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. या व्यवस्थेत सोडवणाऱ्याला जाब विचारणारे होते, ते म्हणजे गाव आणि दिंडी. माळ घालणारा बुवाच पिताना सापडला तर त्याची फडावर नाचक्की होई, आणि त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नसे. चारचौघांत ओळखला जाणारा माणूस चारचौघांतच उघडा पडे. ही शिस्त क्रूर होती आणि लहरीही. बुवा मोठा असला की गाव गप्प बसे. तरी ती होती, आणि तिच्यापाशी माणसाचे नाव होते.

इंग्रजांनी विकणाऱ्याचे नाव वहीत घेतले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि घरोघर, पाड्यापाड्यावर पेटणाऱ्या भट्ट्या गुन्हा ठरल्या. दारू गाळायची ती मक्तेदाराने, विकायची ती परवानेदाराने. ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात मोहाचे फूल हे ठाकर-कातकऱ्यांचे अन्नही होते आणि दारूही. अबकारीचा महसूल बुडतो म्हणून १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करण्यात आला, आणि झाडाखाली पडलेले फूल घरात ठेवणेही ठाणे-कुलाब्यात सरकारच्या नजरेखाली आले. कर्जत तालुका त्याआधी वर्षभरच ठाण्यातून कुलाब्यात गेला होता. म्हणजे पोशीरच्या बाईने वेचलेल्या टोपलीभर मोहासाठी सरकारकडे कायदा होता, तिच्या नवऱ्याचे पिणे सुटावे यासाठी काही नव्हते. सरकार दारूतून कमावते यावर बोट ठेवणाऱ्या सुरुवातीच्या मराठी माणसांत जोतीराव फुल्यांची आठवण ठेवायला हवी. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. पुढे १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. गाडगेबाबा खराटा घेऊन कीर्तनात प्रश्न विचारत राहिले. हे सगळे मोठे खरे, पण हे सारे दुकानाशी भांडणारे किंवा गर्दीशी बोलणारे. एका पिणाऱ्यासमोर रोज तासभर बसणारा माणूस अजून आपल्याकडे जन्माला यायचा होता.

तो जन्मला अमेरिकेत, आणि त्याच्याबरोबरच त्याची बदनामीही. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून न पिण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ उभी राहिली. तिची कल्पना साधी होती : पिणाऱ्याला पाद्री नको, डॉक्टर नको, जो कालपर्यंत पीत होता तोच हवा. सभांमधून अशी ‘सुधारलेली’ माणसे आपली कहाणी सांगत, लोक रडत, प्रतिज्ञापत्रावर सह्या होत. यातला सर्वांत गाजलेला वक्ता जॉन गफ. सप्टेंबर १८४५ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये एकाएकी नाहीसा झाला आणि आठवडाभराने एका कुंटणखान्यात नशेत सापडला. सोड्यात कुणीतरी काही घातले होते, असे तो सांगत राहिला. काहींनी मानले, काहींनी नाही. त्याची वक्तृत्वाची कारकीर्द मात्र संपली नाही. सोडवणाऱ्यांच्या गैरवर्तनाच्या इतिहासात गफचे प्रकरण मला फार मोलाचे वाटते, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांचे सगळे प्रश्न त्यात बीजरूपाने आहेत. त्याची पात्रता काय होती? तो स्वतः पीत असे, एवढीच. मग तो पुन्हा प्यायला तेव्हा त्याची पात्रता गेली की वाढली? आणि हे ठरवणार कोण? गफचे नाव कुठल्याच वहीत नव्हते, त्यामुळे खोडायचे कुठून हा प्रश्नच उद्भवला नाही.

पुढचे टप्पे भराभर ओलांडू. १९०६ मध्ये बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये धर्म आणि वैद्यक यांची सांगड घालणारा उपक्रम सुरू झाला. तिथे उपचारासाठी आलेला कोर्टनी बेलर काही वर्षांनी तिथेच पगारावर इतरांना सल्ला देऊ लागला. पगारी ‘अनुभवी काउन्सेलर’ म्हणावा असा हा बहुधा पहिलाच. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपल्या तोंडची एए, सुरू झाली. एएने एक विलक्षण तोडगा काढला. सभासदत्वाला अट एकच, पिणे सोडण्याची इच्छा. त्यामुळे कुणाला काढून टाकता येत नाही. आणि एक पिणारा दुसऱ्याला सोडण्याच्या बारा पायऱ्या समजावतो तो फुकट. त्या कामाला धंद्याचे रूप द्यायचे नाही, हे त्यांनी आपल्या बारा परंपरांत लिहूनच ठेवले. जिथे पैसा नाही, पद नाही, तिथे निलंबन तरी कशाचे करणार? तरीही मनुष्यस्वभाव सुटत नाही. नव्याने आलेल्या, कोसळलेल्या बाईशी जुना सभासद जवळीक साधू लागला की त्याला एएतच कुजबुजत ‘तेरावी पायरी’ म्हणतात. पायऱ्या बारा असताना ही तेरावी मोजायला लागावी, यात त्या मंडळींचा प्रामाणिकपणाही आहे आणि हतबलताही.

खरे वळण आले १९५४ साली. मिनेसोटा राज्यातल्या विल्मरच्या सरकारी मनोरुग्णालयात पूर्वी स्वतः पिणाऱ्या माणसांना समुपदेशक म्हणून घ्यायचे ठरले आणि राज्याच्या नोकरवहीत त्या नावाचे पद निर्माण झाले. पद आले म्हणजे पगार आला, वरिष्ठ आला, आणि वर्तनाची तक्रार करायला टेबल आले. त्याच सुमारास, नेमके उलट टोकाला, १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डीडरिक नावाच्या एएच्याच जुन्या सभासदाने सिनॅनॉन काढले. तिथे ‘गेम’ चाले : गोलात बसून एकावर सगळ्यांनी तुटून पडायचे, तो फुटेपर्यंत. डोके भादरणे ही शिक्षा होती. पुढे पुरुषांवर नसबंदीची सक्तीही झाली. आरंभी वर्तमानपत्रांनी या संस्थेला डोक्यावर घेतले होते. १९७८ च्या ऑक्टोबरात संस्थेविरुद्ध खटला लढवणाऱ्या पॉल मॉरान्त्झ या वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळा कापलेला विषारी साप निघाला. तो त्याला चावला, पण तो वाचला. त्यानंतर सिनॅनॉन उतरणीला लागली. पण माणसाला आधी तोडायचे आणि मग जोडायचे ही तिची पद्धत जगभरच्या केंद्रांत पसरली ती पसरलीच. अमेरिकेतल्या राज्यांनी १९७० नंतर हळूहळू समुपदेशकांना परवाने द्यायला सुरुवात केली. आज तिथल्या मंडळांच्या निर्णयांत नाव, दोष आणि शिक्षा अशा तीन गोष्टी छापून येतात. दोषही तेच ते : रुग्णाशी शरीरसंबंध, रुग्णाकडून उसने पैसे, गुपित फोडणे, न झालेल्या बैठकांचे बिल, आणि स्वतः पुन्हा पिऊ लागून ते लपवणे. चरकाच्या शिष्याला बजावलेले दोन नियम या यादीत शोधून पाहावेत.

आता आपण घरी येऊ. स्वतंत्र भारतात मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि परवान्याच्या गोष्टीला आणखी एक फाटा फुटला. दारू पिण्यालाच परवाना लागू लागला. प्रकृतीसाठी दारू लागते असे ठरले तर आरोग्याचा परवाना मिळे. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा उठला नाही. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी एक दिवसाचा किंवा आजीवन परवाना लागतो, हे बिअरबारमध्ये बसलेल्या किती जणांना ठाऊक असते? विकणाऱ्याचा परवाना १८७८ चा, पिणाऱ्याचा १९४९ चा. सोडवणाऱ्याची आठवण मात्र सरकारला व्हायला गर्द यावे लागले.

१९८० नंतर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आले, आणि दारूचा सवयीचा चेहरा बदलला. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. एएच्या पायऱ्यांना त्यांनी योगाची जोड दिली. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभे राहिले. डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पस्तीस दिवसांचा मुक्काम, पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणणे, बायकांसाठी ‘सहचरी’ गट, आणि मार नाही. मुक्तांगणच्या पद्धतीतला सर्वांत धाडसी भाग म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णमित्रांनाच कामावर घेणे. टर्कीत, म्हणजे नशा थांबल्यावरच्या वेदनांत, तडफडणाऱ्या पोराला ‘मला माहीत आहे कसे वाटते’ असे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला नसतो. तो कालपर्यंत तडफडलेल्यालाच असतो. बाल्टिमोरच्या गुत्त्यातली कल्पना दीडशे वर्षांनी येरवड्याला पोचली होती, फक्त इथे तिच्यामागे एक डॉक्टर बाई उभी होती, आणि कोण घसरले, कोण चढून बोलले, कोणी रुग्णाकडून पैसे घेतले हे ती जातीने पाहत होती. या क्षेत्रातली शिस्त महाराष्ट्रात दीर्घकाळ अशीच चालली : चांगल्या संस्थेत चांगल्या माणसाच्या डोळ्यांच्या धाकावर. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या. डोळ्यांचा धाक वारसाहक्काने मिळतोच असे नाही. मुक्तांगणला तो मिळाला, पुष्कळांना तो मुळातच नव्हता.

कारण दरम्यान केंद्रांची संख्या वाढत होती. अमली पदार्थांचा कायदा १९८५ मध्ये आला, त्यातल्या ७१ व्या कलमाने सरकारला उपचारकेंद्रे काढण्याचा अधिकार दिला, केंद्र सरकारचे अनुदान सुरू झाले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनींसाठीची रुग्णालये परवान्याच्या कक्षेत आणली. तो लागू व्हायला १९९३ उजाडले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यानंतर देशाला अशा घरांची आठवण झाली. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बराच पुढे गेला. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजारात धरल्या, म्हणून व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी आवश्यक झाली. माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई. नोंदणीवाचून केंद्र चालवले तर पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार दंड. तक्रारीला पुनर्विलोकन मंडळ. पण त्याच कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या वाचावी : मुख्यतः मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता. पोशीरच्या खांबावरचा ‘अनुभवी काउन्सेलर’ या व्याख्येत बसत नाही. डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असते आणि खोडता येते. ती वही आपल्याकडे १९१२ पासून आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव पुनर्वसन परिषदेत असते. काउन्सेलरचे कुठेच नसते. इमारतीला नोंदणी आहे, माणसाला नाही. आणि ‘शासनमान्य’ हा शब्द, लिहिणाऱ्याने खरा लिहिला असला तरी, इमारतीपुरताच खरा असतो.

याचा अर्थ काय होतो, तो मी एकदा अगदी जवळून पाहिला. कर्जत, खोपोली, नेरळ या पट्ट्यात मुंबईच्या लोकांचे बंगले पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही बंगल्यांना उंच भिंत आणि लोखंडी जाळी आली की समजावे, तिथे आता पेशंट राहतात. अशाच एका ठिकाणी ओळखीच्या घरचा मुलगा ठेवला होता. त्याच्या आईबरोबर मी गेलो. पहाटे चार माणसे गाडी घेऊन आली आणि त्याला झोपेतून उचलून घेऊन गेली, हे तिने आधीच सांगितले होते. फोन तिनेच केला होता. ऑफिसात संमतीपत्र पाहायला मागितले. ‘नातेवाइकाची सही’ या ओळीवर आईची सही होती. ‘रुग्णाची सही’ या ओळीवर निळ्या शाईचा अंगठा. मुलगा बी.कॉम. होता. काउन्सेलर सतरंजीवर मांडी घालून बसला होता, स्वतः आठ वर्षे सोबर, बोलायला गोड, आणि खरेच कळवळ्याचा वाटला. अंगठ्याबद्दल विचारले तेव्हा तो हसला. ‘मलापण असंच आणलं होतं, काका,’ म्हणाला. मला त्याचे खोटे वाटले नाही. भीती वाटली ती त्याचमुळे.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. राज्य परिषदा, नोंदवह्या, गैरवर्तनाची चौकशी, नाव खोडण्याचा अधिकार, हे सगळे त्यात आहे. वर्तन-आरोग्याचा गटही आहे, आणि त्यात एचआयव्ही समुपदेशक, कुटुंबनियोजन समुपदेशक नावानिशी येतात. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाला त्या यादीत आपली जागा शोधावी लागते. आणि जागा सापडली तरी दारात तासांचा हिशेब आहे : संलग्न व्यावसायिकाला किमान दोन हजार तासांचे शिक्षण, आरोग्य व्यावसायिकाला छत्तीसशे. सतरंजीवरच्या त्या माणसाचे तास भरतात ते वॉर्डात, स्वतःच्या टर्कीत आणि दुसऱ्यांच्या. ते विद्यापीठ मोजत नाही. त्याला बाहेर ठेवले तर गर्दच्या दिवसांपासून या क्षेत्राचा कणा राहिलेला माणूसच गेला. आत घेतले तर त्याला आधी शिकवावे लागेल, मग नोंदावे लागेल, आणि चुकला तर त्याच्यासमोर अंगठ्याचा तो कागद ठेवावा लागेल. मला स्वतःला दुसरी वाट पसंत आहे, जरी ती महाग पडणार असली तरी. आज त्या बंगल्यावर धाड पडली तर बंगल्याची नोंदणी रद्द होईल. मारहाण ठरली तर पोलीस आहेत. पण काउन्सेलर दुसऱ्या दिवशी खालापूरच्या दुसऱ्या बंगल्यात सतरंजीवर बसू शकतो, आणि त्याला अडवणारा कागद कुठे लिहिलाच गेलेला नसतो.

पावसाळा संपता संपता पुन्हा पोशीरला उतरलो. खांबावरचा हिरवट कागद भिजून लोंबत होता, आणि त्याच्यावरच नवा पिवळा चिकटवला होता. केंद्राचे नाव वेगळे, पत्ता वेगळा. रिक्षा यायला वेळ होता म्हणून नंबर ताडून पाहिला. दहाच्या दहा आकडे तेच होते, आणि तळाशी ‘शासनमान्य’.